घरात कोंबुचा आणि आल्याचा सोडा आंबवतो, बायकोला मुळीच चालत नाही. तुमच्याकडं काय झालं?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागला राहतो, सहकारी बँकेत नोकरी. मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या मित्राकडं कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, प्यायलो आणि आवडला. निघताना त्यानं कल्चरचा (चहा आंबवणाऱ्या जिवाणू-यीस्टच्या चकतीचा) एक तुकडा थोड्या आंबट चहासकट बरणीत घालून दिला. एसटीत मांडीवर धरून सांगलीपर्यंत आणली ती बरणी. तेव्हापासून घरात एक तरी बरणी कायम चालू असते.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: लिटरभर कोऱ्या चहाला ७० ते ८० ग्रॅम साखर घालायची, चहा पूर्ण गार झाला की जुन्या कोंबुच्यातला निदान दहावा हिस्सा आणि कल्चर त्यात सोडायचं, वर सुती फडकं घट्ट बांधायचं. आपल्या हवेत ७ ते १० दिवसांत हवा तसा आंबट होतो. मग बाटल्यांत भरताना फळ घालायचं आणि झाकण लावून दोन दिवस बाहेर ठेवायचं, फेस धरतो. द्राक्षाच्या हंगामात तासगावच्या मावसभावाच्या बागेतली काळी शरद द्राक्षं चुरडून घातली होती. बाटली खिडकीत उजेडाला धरली आणि तो रंग बघतच राहिलो. बाजारातल्या कुठल्याही सरबताला तो रंग नाही. शिवाय साताऱ्याकडचं आलं किसून साखरेबरोबर आंबवतो, त्याचा सोडा करतो. आमच्या मुलीला तो फार आवडतो.

अडचण बायकोची. ती शाळेत शिकवते, शांत स्वभावाची आहे, कधी कशाला मोडता घालत नाही. पण ह्या बरण्यांचं नाव काढलं की तोंड फिरवते. चिलटं होतात म्हणते, ते खरं आहे. कल्चरची ती जाड, चिकट चकती बघून तिला जेवण जात नाही, तेही समजू शकतो. पण सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या, त्यांनी वास घेऊन हळूच विचारलं, "जावई घरात काय गाळतात?" त्या दिवसापासून बायको म्हणते, हे घरात नको म्हणजे नको. दारू नाही, हे दहा वेळा समजावलं. चहा आहे, साखर आहे, इडलीचं पीठ आंबतं तसंच हे आंबतं. तिला पटतही असावं, पण चालत नाही.

मला हे सोडायचं नाही. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली बघतो, घरी येऊन फडकं वर करून बरणीत डोकावलं की दिवस सुधारतो. पण बायकोला न चालणारी गोष्ट रेटून करण्यातही मजा नाही. तुमच्यापैकी कुणाला असला आंबवण्याचा, बिअरचा, वाईनचा नाद असेल (इथले काही जण परदेशात राहून आलेत हे माहीत आहे), तर घरच्यांना ते कसं पचलं? की पचलंच नाही?


बेदाणा शेड, तासगाव

भाऊ, आधी कायद्याचं बोलतो, कारण प्रश्नात बिअर-वाईनचा उल्लेख आलाय आणि वाचणारा कुणी उद्या घरात यीस्टचं पाकीट घेऊन बसायचा. आपल्याकडं १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि त्यात बिअरही आली, वाईनही आली. घरच्यापुरतीच केली, विकली नाही, असं म्हणून सुटका होत नाही. दारात द्राक्षाची बाग आहे म्हणून रस काढून पिंपात आंबवला, तरी तो प्रकार तिथंच जातो. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष-वाईन धोरणानंतर पलूसला वाईन पार्क झालं, पण तो परवानेवाल्या कारखान्यांचा मामला, आपल्या स्वयंपाकघराचा नव्हे.

कोंबुचा आणि सोडा थोडक्यात आटोपला तर काळजीचं कारण नाही. पण फळ आणि साखर घालून बाटली बंद करून आठवडाभर बाहेर ठेवली, तर त्यात अल्कोहोल वाढत जातं, आणि दाबही. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो. त्या उन्हाळ्यात बंद काचेची बाटली फुटली तर काचा भिंतीत घुसतात. एक बाटली प्लॅस्टिकची भरत जा. ती दाबून कडक लागली की सगळ्या फ्रीजमध्ये टाकायच्या. घरात मूल आहे तर हे पाळाच.

बायकोचं म्हणाल तर आमच्याकडं आंबूस वासाचं कुणाला नवल नाही. हंगामात घरादाराला द्राक्षाचाच वास असतो, पडीक मण्यांवर माश्या घोंघावतात, बेदाण्यासाठी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलचा वास कपड्यांना येतो. आमच्यात भांडण झालं ते फक्त फ्रीजवरून. माझ्या बाटल्यांनी भाजीची जागा खाल्ली होती. जुना छोटा फ्रीज घेऊन शेडवर ठेवला आणि विषय मिटला. तुमच्याकडं मात्र गोष्ट फ्रीजची दिसत नाही. सासूबाईंच्या त्या एका वाक्यात काहीतरी आहे, तिकडं बघा.


अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

दादा, तुमचा प्रश्न वाचून कालपासून मनात घोळतोय. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे तुमच्या बायकोच्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं इंग्लंडात, लीड्सला होतो. तिथं घरी बिअर करायला परवाना लागत नाही. १९६३ साली त्यांनी ती अट काढली, तेव्हापासून स्वतःपुरती कितीही करा, विकायची नाही. यांच्या ऑफिसातला एक जण करायचा, त्याच्याकडं बघून हेही शिकले. सुरुवातीला माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) घट्ट पाकाचा डबा आणून करत, एका डब्यात २३ लिटरचं पिंप भरायचं. मग धान्यापासून करायला लागले. भरडलेलं जवाचं माल्ट ६५-६७ अंशाच्या पाण्यात तासभर मुरवायचं, गाळून घ्यायचं, ते पाणी हॉप्स (बिअरला कडवट चव देणारी फुलं) घालून पुन्हा तासभर खळाखळा उकळायचं, भराभर गार करायचं आणि यीस्ट घालून १८-२० अंशाला ठेवून द्यायचं. शनिवार सकाळी सुरू केलं की दुपार व्हायची. स्वयंपाकघराच्या काचांवर वाफेचे ओघळ, फरशीला पाय चिकटायचा, आणि माझा कुकर लावायला जागा नाही.

तिकडच्या जुन्या घरांत गरम पाण्याची टाकी असते, तिच्याभोवती कपाट असतं, ऊब असते म्हणून धुतलेले कपडे त्यात वाळायला ठेवतात. थंडीत यांना पिंपासाठी दुसरी उबदार जागा सापडेना, म्हणून ते पिंप त्या कपाटात गेलं. माझ्या ओढण्यांना, बाळाच्या दुपट्यांना तो वास. रात्री सगळं निजानीज झालं की कपाटातून आवाज यायचा. पिंपाच्या झाकणावर पाणी भरलेली वाकडी नळी असते, आतला वायू तिच्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. पहिले दोन दिवस सारखा गुडगुड, गुडगुड, मग थांबून थांबून. हे अंथरुणात पडून तो आवाज ऐकायचे आणि खूश व्हायचे. मी त्याच अंथरुणात जागी असायचे आणि मला रडू यायचं.

का, ते त्यांना माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. माझे सख्खे काका हातभट्टीनं गेले. काकूनं दोन पोरं शेतमजुरी करून वाढवली. पुढं गावात दारूदुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, उभी बाटली की आडवी बाटली. काकू सकाळी सगळ्यात आधी रांगेत उभी होती, मागं माझी आई. आमच्या घरात त्या आडव्या बाटलीचं मत म्हणजे काकांचं दिवसकार्य होतं. असल्या घरातली मुलगी मी, आणि माझ्या कपड्यांच्या कपाटात पिंप.

हे एका रात्री मी यांना सांगितलं. भांडताना नव्हे, असंच, बोलता बोलता. यांनी काही युक्तिवाद केला नाही. "बिअर म्हणजे दारू नव्हे," "सगळे करतात," "थोडी चाखून तर बघ," यातलं एकही वाक्य आलं नाही, आणि त्याच गोष्टीमुळं पुढचं सगळं सोपं झालं. दादा, तुम्ही दहा वेळा समजावलं म्हणता. तुमचं समजावणं बरोबर असेल, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नसेल. कल्चर, चहा, साखर, इडलीचं पीठ हे सगळं तुमच्या बरणीबद्दल झालं. तिला काय होतं, ते तिला विचारलंत का? सासूबाईंनी "गाळतात" हा शब्द वापरला तेव्हा तुमच्या बायकोचा चेहरा कसा होता, आठवून बघा.

आमच्यात मग काही गोष्टी ठरल्या. पिंप कपाटातून निघालं. यांनी जिन्याखाली जागा केली, थंडीत त्याला जुनं ब्लँकेट आणि गरम पट्टा गुंडाळला. शनिवारी चार वाजता ओटा मला मोकळा आणि कोरडा मिळायचा, मग बिअर कुठल्याही टप्प्यावर असो. माझ्या माहेरची माणसं व्हिडिओ कॉलवर असताना मागं बाटल्या दिसायच्या नाहीत. आणि मला चाखायला कधीच सांगायचं नाही. शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छंद असलेल्या माणसाला वाटतं की समोरच्यानं चव घेतली की झालं, पटलंच. घरच्या माणसाला तो आग्रह म्हणजे आपला नकार रोज नव्यानं सिद्ध करत बसणं वाटतं.

मी आजतागायत थेंबही चाखलेला नाही, आणि तरीही त्या छंदाच्या बाजूनं बोलते. कारण मी बघितलं. हा माणूस परक्या देशात ऑफिसातून यायचा तेव्हा मिटलेला असायचा. बिअर करायला लागल्यावर त्याच्या वहीत तापमानं आली, घनता मोजायच्या काचेच्या नळीतले आकडे आले, १०५० वरून १०१० वर उतरलं, म्हणजे नीट आंबलं, की चेहरा उजळायचा. दर महिन्याला एका हौशी मंडळात जायचे, तिथं रिटायर झालेले आजोबा, नर्सेस, एक बस ड्रायव्हर, सगळे एकमेकांच्या बाटल्या उघडून तासन्‌तास चर्चा करायचे. पिणं म्हणाल तर जेमतेम एक ग्लास. पिण्यापेक्षा करण्यात जीव होता, आणि तो फरक माझ्या काकांच्या आणि यांच्या बाटलीतला फरक होता. तो समजायला मला वेळ लागला आणि यांनी तो वेळ दिला.

त्या मंडळात बायकांचे नाना प्रकार बघितले. एकीनं नवऱ्याला गॅरेजमध्ये हाकललं होतं, त्या गॅरेजात तो सुखी होता. एक जण स्वतःच नवऱ्यापेक्षा चांगली करायची. एकीला बिअर आवडायची नाही, पण यंदा कुठल्या फळाची करायची ते तीच ठरवायची, आणि नवरा तिच्या आवडीची सफरचंदाची सायडर तिच्यासाठी वेगळी लावायचा. माझे दीर अमेरिकेत असतात, तेही करतात. तिथं १९७८ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षीपासून घरी करायला सूट मिळाली: घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००. दीर जाऊबाईंना म्हणायचे, तू आहेस म्हणून मला दुप्पट करता येतं. जाऊबाई म्हणाल्या, मग माझ्या वाट्याच्या शंभरात काय व्हायचं ते मी सांगणार. तेव्हापासून अर्ध्या बॅचेस त्या म्हणतील तशा होतात, आणि त्यांच्या घरात यावरून कधी कुरबुर ऐकली नाही.

साताऱ्याला परत आलो तेव्हा बिअर बंद झाली. कायदा आहे, त्यावर चर्चा नको. पिंप कुणाला तरी देऊन टाकलं. ती वाकडी नळी आणि वही तेवढी बरोबर आली. पहिले काही महिने हे घरात नुसते फिरायचे, काही सुचायचं नाही. तेव्हा आल्याचा सोडा लावा, असं मीच सुचवलं. आता सोडा असतो, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम असला की कोंबुचा असतो. मला स्ट्रॉबेरीचा आवडतो, मी दोन-दोन ग्लास पिते.


वाईची मावशी, वाई

मी जरा उलटं सांगते. आमच्या घरात हे सगळं मी करते आणि नाक मुरडणारे आमचे अहो. निवृत्त झाल्यावर मी नाचणीची आंबील, बीट-गाजराची कांजी, कोंबुचा असं काय काय करायला लागले. अहोंचं एकच, "ह्या वयात पोट बिघडलं तर?"

मी वाद घातला नाही. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात कुरड्यांना गहू भिजत घालायच्या, तीन दिवस, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी माजघरात उभं राहवत नसे. तो वास घेत हेच अहो लहानाचे मोठे झाले आणि वाटीत चीक घेऊन गूळ-तूप घालून खायला सगळ्यात पुढं असायचे. म्हणजे वासाचं काही नाही, सवयीचं आहे. आईच्या हातचं आंबलेलं चालतं, कारण तिच्या स्वच्छतेवर डोळे झाकून विश्वास असतो. मग मी तो विश्वास मिळवायचं ठरवलं. बरण्या त्यांच्यासमोर उकळत्या पाण्यानं धुते. बरणीवर तारीख लिहिते. वर बुरशी दिसली, हिरवी, काळी किंवा केसाळ, की चमच्यानं काढून पुढं चालू असं करत नाही, सगळी बरणी ओतून देते. ते बघतात. तोंडानं काही म्हणत नाहीत, पण गेल्या चैत्रात पाहुण्यांना आंबील त्यांनीच वाढली.

कृष्णाकाठ, चिलटांवर साधा उपाय: वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, बरणीच्या शेजारी ठेवा. आणि फडकं विरळ विणीचं नको. गाळण्याच्या मलमलीतून चिलटं सहज आत जातात. जुन्या सुती शर्टाचं कापड घ्या, रबर दोनदा फिरवा.


कृष्णाकाठ, सांगली

ताई, मावशी, बेदाणाभाऊ, मनापासून आभार. ताईंचं लिहिणं वाचून उठलो आणि रात्री मुलगी झोपल्यावर बायकोला विचारलं. समजावलं काही नाही, नुसतं विचारलं की तुला यातलं नेमकं काय लागतं.

दोन गोष्टी निघाल्या. पहिली ताईंसारखीच. तिच्या माहेरी शेजारच्या घरात भट्टी होती, पोलीस यायचे, लहानपणी ती आणि तिची बहीण खिडकी लावून आत बसायच्या. तो आंबूस वास तिथला. सासूबाईंनाही तेच आठवलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. रविवार. ती म्हणाली, रविवारी सकाळी तुम्ही बाटल्या धुता, चहा उकळता, गाळता, अकरा वाजतात. तोवर मी आठवड्याचे कपडे, मुलीचा अभ्यास, भाजी, सगळं एकटी उरकते. मग तुम्ही बाटली उजेडात धरून म्हणता, बघ रंग काय सुंदर आलाय. तिचा आवाज चढला नव्हता, पण ऐकताना मला फार लागलं, आणि ती म्हणते ते शंभर टक्के खरं आहे.

तर आता असं ठरलंय. बरण्या स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत, सावलीच्या बाजूला, जाळीच्या कपाटात. बाटल्यांचं काम बुधवारी रात्री, जेवणं झाल्यावर. रविवारची भाजी आणि मुलीचं गणित माझ्याकडं. एप्रिल-मे दोन महिने पूर्ण बंद. उकाडा असतो, बाटल्यांचं भाऊंनी सांगितलंच आहे, आणि सासूबाईही तेव्हा राहायला येतात. बंद ठेवायचं हे मीच म्हणालो. त्यावर बायको म्हणाली, आल्याचा सोडा चालेल, त्याला तो वास नाही, आई पण पिईल.

आता एकच विचारायचंय. दोन महिने कोंबुचा करायचा नसेल तर कल्चर जगवायचं कसं? फ्रीजमध्ये ठेवू का?


अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

फ्रीजमध्ये नको दादा. गारठ्यानं ते सुस्त पडतं, मग पुन्हा लावताना लवकर आंबट होत नाही आणि तेवढ्यात बुरशीला वाव मिळतो. मोठ्या बरणीत सगळ्या चकत्या ठेवा, त्या पूर्ण बुडतील इतका जुना, चांगला आंबट झालेला कोंबुचा ओता, वर तेच जाड फडकं. घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात राहू दे. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते, तेव्हा दर तीन आठवड्यांनी कपभर गोड चहा गार करून घालायचा. बाकी हात लावायचा नाही.

एवढी एक बरणी कुठं ठेवायची, ते मात्र वहिनींना ठरवू द्या. आणि सोड्याच्या आल्याची साल काढू नका, नुसतं धुऊन किसा. आंबवणारं यीस्ट त्या सालीवरच असतं.